प्रावरण घन की द्रव? मुलीसमोर तोंडघशी पडलोय, मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न शाळेतला आहे, अडकलोय मात्र मी.

मुलगी आठवीत. परवा तिला पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा समजावून सांगायला बसलो. नेहमीचीच आकृती: वर भूकवचाची पातळ साल, खाली २,९०० किमीपर्यंत प्रावरण, मग बाह्यगाभा, मधोमध अंतर्गाभा. प्रावरण भडक केशरी. मी बिनदिक्कत सांगून टाकलं, "हा सगळा उकळता शिलारस. भूकवच त्यावर तरंगतं आणि फट मिळाली की ज्वालामुखीतून तोच बाहेर येतो."

तिने एक पान मागे उलटून बोट ठेवलं. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, बाह्यगाभ्याशी अडतात, म्हणून तो द्रव. "पण बाबा, प्रावरणातून तर त्या जातात. म्हणजे ते घन झालं ना?"

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

आता प्रावरण घन असेल तर त्यात अभिसरण प्रवाह (तापलेलं वर, थंड झालेलं खाली) कसे? त्यांच्यामुळेच भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे अवाढव्य तुकडे, सरकतात म्हणे. दगड काय वाहतो? आणि मग ज्वालामुखीला शिलारस पुरवतं कोण? त्यात सगळ्यात तापलेला अंतर्गाभा घन आणि त्याच्या बाहेरचा द्रव, हे तर उलटंच. समीकरणं नकोत, तिला सांगता येईल असं काहीतरी द्या.

प्रतिसाद १

मुलगी बरोबर, तुम्ही चूक. :)

प्रावरण घनच आहे. घन असून वाहतं, हे पटायला हिमनदी आठवा. तिच्यातल्या बर्फावर हातोडा मारला तर तो तडकतो, तरी अख्खी हिमनदी उतारावरून सरकतच असते. बर्फ न वितळता त्याचे स्फटिक भाराखाली हळूहळू आकार बदलतात. प्रावरणातला तापलेला खडकही असाच सरकतो, वर्षाला काही सेंटिमीटर. भूकंपाची लहर काही मिनिटांत आरपार जाते, तिच्या लेखी तो कडक दगड. लाखो वर्षांच्या हिशेबात तोच मेणासारखा मऊ.

शिलारसाची गंमत अशी की तो बहुतेक वेळा जास्त तापवून होत नाही. खोलवरचा दाब खडकाला वितळू देत नाही. महासागरांच्या मध्यावर भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, खालचा खडक वर येतो, दाब उतरतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. जपान-इंडोनेशियाकडे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसताना सोबत पाणी नेतो. पाण्याने खडकाचा द्रवणांक उतरतो, की झाला शिलारस.

अंतर्गाभ्यात पुन्हा दाबच. तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या आसपास, पण दाब वातावरणाच्या ३० लाख पटींहून जास्त. तिथे लोखंडाला वितळायची सोय नाही. १९३६ साली इंगे लेमन या डॅनिश बाईंनी भूकंपलहरींच्या नोंदींवरूनच हा वेगळा गाभा ओळखला.

आणि तो केशरी रंग विसरा. वरच्या प्रावरणात मुख्यतः ऑलिव्हिन हे खनिज असतं. ज्वालामुखी कधीकधी त्या खडकाचे तुकडे वर आणून टाकतात, ते चक्क हिरवे असतात.

प्रतिसाद २

एक पुरवणी. भूपट्ट म्हणजे नुसतं भूकवच नव्हे. भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा ताठ थर मिळून भूपट्ट होतो, जाडी साधारण १०० किमी धरा. त्याखाली दुर्बलावरण, म्हणजे प्रावरणाचाच जरा मऊ थर, तिथे भूकंपलहरी जरा मंदावतात. द्रव असलाच तर स्फटिकांच्या फटींत किंचित. 'तरंगतं' हा शब्द तेवढा मागे घ्या.

धागाकर्ता

दोघांचे आभार. शब्द मागे घेतला, तिच्यासमोरच. हिमनदी लगेच पटली. पुढचा प्रश्न: "आत जाऊन कुणी बघितलंय का?" रशियातल्या कोला द्वीपकल्पावरची खोल विहीर मला ठाऊक होती, तेवढी अब्रू वाचली. सोव्हिएत संघाने १९७० पासून खणायला घेतली, १२,२६२ मीटरपर्यंत पोचले, तळाशी १८० अंश. भूकवचसुद्धा पार झालं नाही.

आता तिने वहीतलं प्रावरण खोडून हिरवं रंगवलंय. कुणी शिक्षक असाल तर सांगा, परीक्षेत याचे गुण कापतात का?