मदत हवी आहे : पाच वर्षांची नात चेटकिणीला घाबरेल का?

रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' मी लहानपणी पाहिलं. दिलीप प्रभावळकरांची ती चेटकीण! हसून हसून पोट दुखायचं, आणि रात्री मात्र आईला चिकटून झोपायचे. २०१८ मध्ये नाटक चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात, वैभव मांगलेंना चेटकीण करून नव्यानं आलं, तेव्हा माझं जायचं राहून गेलं. आता नातीला घेऊन जायचंच आहे. पण ती अंधाराला फार घाबरते. नव्या प्रयोगात मध्येच पूर्ण काळोख होतो का? चेटकीण प्रेक्षकांत उतरते का? पुढच्या रांगेत बसवू की बाल्कनीत? लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा. तिकिटं या आठवड्यातच काढायची आहेत.