बायको पुण्यात, नवरा मुंबईत: घर कुठं करायचं?

सिंहगड_रोड (धागाकर्ती)
मी पुण्यात सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरी कायम, ड्युटी तिन्ही पाळ्यांत. नवरा मुंबईत फोर्टला खासगी कंपनीत. आतापर्यंत ऑफिस रोज होतं, म्हणून तो डोंबिवलीत आईवडिलांकडे राहायचा आणि सुट्टीला पुण्यात यायचा. आता कंपनीनं तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून असं केलंय. लेक माझ्याजवळ आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. सासरचे म्हणतात, मी मुंबईला बदली मागावी. मी म्हणते, घर पुण्यात असावं आणि ये-जा त्यानं करावी. त्याचं काम लॅपटॉपवर होतं, माझं वॉर्डातच होतं. पगार त्याचा जास्त आहे हे खरं, पण घर कुठं असावं हे पगारावरून ठरवायचं का? स्पष्ट मतं द्या.

मानपाडा
मी स्वतः सासू आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडते. नवऱ्यामागं जा असं मी म्हणणार नाही, पोरीकडे बघा म्हणते. तुमची नाईट असते तेव्हा तिला कोण बघतं? सांभाळणारी बाई ऐनवेळी सुट्टी घेते, शेजारी किती दिवस करतील? माझी सूनही रात्रपाळी करायची. ती घरी यायची तेव्हा नात वेणीफणी करून, डबा घेऊन शाळेत गेलेली असायची, आणि सून निवांत झोपायची. डोंबिवलीत आजी-आजोबा आहेत, स्वतःचं घर आहे. ते सोडून पुण्यात भाडं कशाला भरायचं?

नाईट_ड्युटी
काकू, बदली मागितली तरी ती डोंबिवलीत मिळत नाही. ताई वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयात असतील तर त्या विभागाची मुंबईतली रुग्णालयं म्हणजे जेजे, सेंट जॉर्ज, जीटी, कामा. केईएम, सायन, नायर महापालिकेची, तिथं राज्य सरकारच्या परिचारिकेची बदली होत नाही. म्हणजे भायखळा नाहीतर सीएसएमटी. सकाळपाळीला वेळेत पोचायचं तर ताईंना अंधारातच लोकल धरावी लागेल, आणि दुपारपाळी सुटल्यावर घरी यायला रात्रीचे साडेदहा-अकरा. दिवसभर वॉर्डात उभं राहून वर हा प्रवास. शिवाय सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये, त्याही जागा रिकामी असेल तर. नवरा खासगीत, म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरणाचाही, म्हणजे नोकरदार नवरा-बायकोला जवळजवळ नेमणूक देण्याच्या सवलतीचाही, आधार नाही. जूनच्या शाळेसाठी या बदलीवर विसंबू नका.

खारघर_सेक्टर
मधलं गाव का नको? पनवेलला घर घ्या. हार्बर लोकलनं सीएसएमटी, एक्सप्रेसवेनं पुणे. दोघांनी निम्मा-निम्मा त्रास घेतला तर कुणाचीच कुरकुर राहणार नाही.

पासधारक
निम्मा-निम्मा कुठं होतोय? पनवेल मुंबईला खेटून आहे आणि पुणे पार घाटापलीकडे. त्याला लोकलचा सव्वा-दीड तास, तिला रोज एक्सप्रेसवेची बस, तीही पाळ्या सांभाळून. रात्री सुटल्यावर ती बसला उभी राहणार? नकाशावरचा मध्य आणि संसाराचा मध्य एक नसतो.

मी पुण्याहून मुंबईला पासावर जातो. पुणे-मुंबई रेल्वेनं 192 किलोमीटर. डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते, साडेदहाच्या आत सीएसएमटी. संध्याकाळी पाच-दहाला परत निघते. ऑफिस सहाला सुटत असेल तर ती हुकलीच. रोज हे करू नये असं माझं ठाम मत आहे, पण तीन दिवसांसाठी रोज करायचं कारणच नाही. मंगळवारी पहाटे सिंहगड एक्सप्रेस धरायची, दोन रात्री डोंबिवलीत आईच्या हातचं जेवायचं, गुरुवारी रात्री पुण्यात. ऑफिसचे दिवस लागून असले म्हणजे झालं. पावसाळ्याचं मात्र गृहीत धरा. 2019 च्या पावसात घाटात मंकी हिलजवळ दरडी कोसळल्या तेव्हा गाड्या कित्येक दिवस रद्द होत्या.

करिअर_आधी
सगळ्यांनी गृहीत धरलंय की तीन दिवस कायम राहणार. खासगीत साहेब बदलला की तीनाचे पाच होतात. मग? पुण्यात घर, शाळा, कर्ज सगळं झालेलं आणि नवरा परत डोंबिवलीत. शिवाय घरून काम करणारा बढतीत मागं पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याच्या पगारावर हप्ता फेडायचा त्याचीच वाट अरुंद करू नका.

झेडपी_गुरुजी
आम्ही दोघंही जिल्हा परिषद शिक्षक, पण वेगवेगळ्या जिल्ह्यांत. जिल्ह्यातल्या बदल्यांत दोघांच्या शाळांमधलं अंतर 30 किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर एकत्रीकरणाचा विचार होतो. जिल्हेच वेगळे असले की आंतरजिल्हा बदलीची वाट बघत बसायचं. शेवटी बदली मी घेतली. नव्या जिल्ह्यात माझी सेवाज्येष्ठता गेली, यादीत तळाशी गेलो, मागून लागलेले पुढं. तरी मुलगा मला "बाबा कधी येणार" विचारायचा थांबला, याचं मोल मी दुसऱ्या कशातही धरत नाही. करिअरवाल्यांना सांगतो, बढती थांबलेला बाप घरात असलेला बरा. ताई, नवऱ्याला पुण्यात यायला सांगा. पाच दिवस झाले तर त्यानं पुण्यात नोकरी शोधावी. पुण्यात खासगी नोकऱ्यांची वानवा नाही, तुमची कायम नोकरी मात्र सुटली की सुटली.

सिंहगड_रोड
काकूंचा नाईटचा मुद्दा मला लागला. आमच्याकडे रात्रपाळ्या सलग लागतात. त्या तो पुण्यात असेल त्या दिवसांत मिळतातच असं नाही. इन्चार्ज सिस्टरांशी बोलेन, पण ड्युटी लिस्ट एकटीच्या सोयीनं लागत नाही. सासू-सासऱ्यांना कायमचं पुण्यात या म्हणणं मला जड जातं. सासऱ्यांचा डॉक्टर, मित्रमंडळी, सकाळचं फिरणं सगळं डोंबिवलीत आहे. त्यांना उपटून आणणं आणि मला उपटून नेणं यात मला फरक दिसत नाही.

मानपाडा
कायमचं कशाला? नाईट लागली की सासूबाईंना त्या आठवड्यापुरतं बोलवा. नातीसाठी मी तरी लगेच पिशवी भरली असती. पण त्यांना आधी विचारा, लिस्ट हातात आल्यावर ऐनवेळी फोन करू नका. आणि घराचं म्हणाल तर डोंबिवलीचं सोडून पुण्यात करावं हे मला अजूनही पटलेलं नाही. निदान मुलाचं ऑफिस वर्षभर तीनच दिवस राहतंय का ते बघा, तोवर भाड्यानं राहा, विकत घेऊ नका.

नाईट_ड्युटी
शेवटचं मान्य. पण शाळा पुण्यातलीच घ्या, आणि ती रुग्णालयाजवळची बघा, नवऱ्याच्या स्टेशनजवळची नको.