गोगोलवरच्या माहितीपटात गोगोल किती आणि पार्फ्योनोव किती?

जुनापाना: गेल्या आठवड्यात दोन रशियन माहितीपट लागोपाठ पाहिले. पहिला रशियन टीव्ही पत्रकार लिओनिद पार्फ्योनोवचा 'प्तित्सा-गोगोल', म्हणजे गोगोल पक्षी. (गोगोल हे एका रानबदकाचंही नाव, त्यावर कोटी.) रशियन भाषेत लिहिणाऱ्या गोगोल या लेखकाच्या २०० व्या जयंतीला, २००९ मध्ये तिकडच्या सरकारी 'पहिल्या वाहिनी'वर लागला होता. दुसरा 'उझेल', म्हणजे गाठ. १९९८ मध्ये चित्रपट दिग्दर्शक अलेक्सांद्र सोकुरोवने लेखक सोल्झेनित्सिनशी मारलेल्या गप्पा. 'लाल चाक' कादंबरीच्या भागांना सोल्झेनित्सिन गाठीच म्हणत.

पहिल्यात जिथे बघावं तिथे पार्फ्योनोव. रोमला गोगोल राहिला ना, मग हा पण रोमला. दुसऱ्यात सोकुरोव एक प्रश्न टाकतो आणि ऐकत बसतो. म्हातारा विचारात पडला तरी कॅमेरा हलत नाही. माझ्या मते साहित्यावरचा माहितीपट असाच हवा. निवेदकाला मिरवायचं असेल तर त्याने स्वतःवर काढावा.

चष्मेबहाद्दर: साफ असहमत. कीर्तनाला जाऊन बुवाच मध्ये मध्ये येतात म्हणून तक्रार कराल का? पार्फ्योनोवने १९९९ मध्ये पुश्किनच्या २०० व्या जयंतीला एनटीव्ही या रशियन वाहिनीवर 'जिवंत पुश्किन' ही पाच भागांची मालिका केली तीही याच पद्धतीने. शाळेत सक्तीने घोकलेला कवी त्याने घराघरात गप्पांचा विषय केला. सोकुरोव थोर आहेच, पण रात्री जेवून टीव्हीसमोर बसलेला माणूस तो किती वेळ बघेल? मी स्वतः दोनदा पेंगलो.

जुनापाना: कीर्तनातला बुवा अभंग आला की टाळ घेऊन मागे सरतो. हा सरतच नाही, दुखणं ते आहे.

तिरकस: तुम्ही दोघं दिग्दर्शकावर भांडताय. पैसे कोणाचे ते बघा की. १९९९ ची एनटीव्ही गुसिन्स्की या उद्योगपतीची, खासगी. २००१ मध्ये ती गाझप्रोम या सरकारी गॅस कंपनीने घेतली. २००४ मध्ये पार्फ्योनोवच्या कार्यक्रमात एका चेचेन नेत्याच्या विधवेची मुलाखत होती, ती वरून थांबवली. त्याने ते चव्हाट्यावर आणलं आणि नोकरी गेली. पाच वर्षांनी तोच माणूस सरकारी वाहिनीवर गोगोल सांगतोय. चालू काळावर बोलायची सोय नाही, मेलेल्या लेखकावर हवं तेवढं बोला! वाहिनीचा प्रमुख कॉन्स्तान्तिन एर्न्स्ट, दोघांचं जुनं मेतकूट.

आणखी एक. याच वाहिनीचं आधीचं नाव ओआरटी. १९९५ मध्ये तिथे सोल्झेनित्सिनचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असे. सरकारला टोचायला लागला आणि काही महिन्यांतच बंद पडला. जिवंत लेखक नको, जयंतीवाला चालतो.

चष्मेबहाद्दर: म्हणून गोगोल वाईट झाला का? २०१० मध्ये टीव्हीवाल्यांसाठीचा लिस्त्येव पुरस्कार घेताना पार्फ्योनोवने सगळ्या वाहिनीप्रमुखांसमोर सुनावलं की इथल्या वार्ताहराला मंत्रीसंत्री म्हणजे आपल्या साहेबांचे साहेब वाटतात. कागद हातात धरून वाचलं, आवाज कापत होता. हा साहेबलोकांची टर उडवणाऱ्या गोगोलचा वारसा नाही तर काय?

तिरकस: भाषण बाणेदार, मान्य. माझा मुद्दा निर्मात्याचा होता. युक्रेनमधल्या पोल्तावाजवळ जन्मलेला गोगोल कोणाचा, रशियाचा की युक्रेनचा, हे जयंतीच्या वर्षी दोन्हीकडे पेटलं होतं. अशा वेळी पैसे देणारा गप्प बसत नाही.

बखरकार: धागाकर्ते, निवेदक नसला की कॅमेरा सोवळा होतो हा समज सोडा. १९१० चं अस्तापोवो आठवा. टॉलस्टॉय घर सोडून निघाले, वाटेत न्यूमोनिया झाला, स्टेशनमास्तरच्या घरात खाट टाकली. बायको सोफियाला त्यांची शुद्ध हरपेपर्यंत आत सोडलं नाही. पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीचा कॅमेरावाला फलाटावर होता. त्याच्या फितीत ती बाई खिडकीच्या काचेला चेहरा लावून नवरा दिसतो का बघतेय. मूकपट, म्हणजे निवेदकही नाही. तरी मला ती फीत बघून शरम वाटते.

जुनापाना: शरम मलाही वाटली. पण बघा, ती खिडकी इतक्या वर्षांनी तुम्हाला आठवते. समोर पार्फ्योनोव उभा असता तर खिडकी दिसलीच नसती.

चष्मेबहाद्दर: आणि पार्फ्योनोव असता तर निदान त्या बाईला विचारलं असतं, तुमची फिल्म घेऊ का.

तिरकस: विचारलं नसतं. पण दार उघडून आत नक्की गेला असता.