सिंगापूर वाढलं हे कळलं, पण नेदरलँड्स घटलं कसं?

निवृत्त_भूगोलवाला:
नातीला शाळेतून प्रकल्प आलाय: कोणत्याही दोन देशांचं क्षेत्रफळ, तेव्हाचं आणि आताचं. मी लगेच माळ्यावरून माझं जुनं पुस्तक काढलं. कव्हर गेलंय, अर्धी आफ्रिका वाळवीने खाल्लीय, पण बाकी शाबूत आहे. त्यात सिंगापूर ५८१ चौ. किमी. नातीच्या मोबाईलवर ७३५ च्या आसपास. भराव घातला, वाढलं, मान्य.

नेदरलँड्सने मात्र घोळ घातला. माझ्या पुस्तकात जवळपास ४१ हजार आणि तिच्या साईटवर ३३,७००! समुद्र हटवणारे लोक म्हणून मी वर्गात तीस वर्षं ज्यांचे गोडवे गायले, त्यांची सात हजार चौ. किमी जमीन गेली कुठे? नात म्हणते, "बुडाली असेल, आजोबा."

चहाबाज:
काका, ग्लोबल वॉर्मिंग. विषय संपला.

पोल्डरवासी:
काही बुडालेलं नाही. मी इथे नेदरलँड्समध्ये, लेलीस्टाडला राहतो, सकाळीच पाय कोरडे होते. 😀

तुमच्या पुस्तकातला आकडा पाण्यासकट आहे, नातीचा फक्त जमिनीचा. इथे तळी, कालवे, खाड्या इतक्या आहेत की दोन्हींत हजारोंचा फरक पडतो. जमीन-जमीन लावा, नाहीतर एकूण-एकूण लावा.

आणि जमीन वाढलीच आहे. १९३२ मध्ये ३२ किमीचा बांध घालून झाउडरझे हा समुद्राचा फाटा तोडला, मग आत एकेक तुकडा बांधून पाणी उपसलं. त्यातून झालेल्या फ्लेव्होलांडला १९८६ मध्ये प्रांताचा दर्जा मिळाला. त्याची जमीन सुमारे १,४०० चौ. किमी, म्हणजे आजच्या सिंगापूरच्या जवळजवळ दुप्पट. पण देशाच्या मानाने ती फक्त चार टक्के. सिंगापूरने दीडशेच मिळवली, तरी ती मूळच्या पावपट. मी नातीच्या जागी असतो तर आलेख टक्क्यांत काढला असता.

जमल्यास स्कॉकलांडचे फोटो दाखवा तिला. पूर्वीचं बेट. आता सगळीकडून शेतं. जुन्या बंदरापाशी उभं राहिलं की समोर गवत, आणि खुंटांना बांधायला होडीच नाही.

तेलोक_आयर:
मी सिंगापुरात. माझ्या ऑफिसजवळचं थियान हॉक केंग हे मंदिर चिनी स्थलांतरितांनी बांधलं, दर्याकिनारी. आज तिथून समुद्र दिसायला उंच इमारतीवर चढावं लागतं! जुरोंग बेट तर सात बेटं जोडून केलंय. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

फरक एवढाच की डच लोक पाणी काढतात, इथे वाळू ओततात. वाळू मात्र शेजाऱ्यांची. इंडोनेशियाने २००७ मध्ये निर्यात बंद केल्यावर चणचण कळली. म्हणून तेकाँग बेटालगत सुमारे ८०० हेक्टर जमीन चक्क डच पद्धतीने, बांध घालून, करायला घेतली. २०१६ च्या अखेरीस ही योजना जाहीर झाली.

पेणकर:
म्हणजे खाडीकाठी बांध घालून शेती राखायची आमची खारबंदिस्तीच की! आमच्याकडे भरतीला उघाडी (बांधातली झडप) बंद, ओहोटीला उघडी, साचलेलं पाणी आपसूक बाहेर. पंपाचं वीजबिल नाही.

पोल्डरवासी:
पेणकर, तुमची खाडी ओहोटीला शेतापेक्षा खाली जाते. माझं अंगण कायमच समुद्राच्या खाली, तीन-चार मीटर. पाणी वर चढवून टाकावं लागतं, त्यामुळे पंप थांबला की संपलं.

निवृत्त_भूगोलवाला:
पाणी आणि जमीन वेगळी धरायची, हे मी मुलांना सांगायचो. स्वतः मात्र चुकलो. नातीने टक्क्यांचा आलेख काढलाय आणि खाली लिहिलंय, "आजोबांच्या पुस्तकात पाणी शिरलं होतं." खोडायला तयार नाही.