‘बिसीच’ म्हणजे भीक मागणं? हे कोणी ठरवलं?

मुळाक्षर :
काल इथे ‘कोपरखळी’ यांनी लिहिलं की इंग्रजीतलं ‘बिसीच’ (beseech, कळकळून विनवणं) हे क्रियापद म्हणजे गुलामांची भाषा, ‘बेग’चंच नटवलेलं रूप. आणि ‘बिसीच–बिसॉट–बिसॉट’ घोकून घेणाऱ्या शिक्षकांनी पिढ्या वाया घालवल्या. मी त्या शिक्षकांपैकी एक. सातारा भागात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

या शब्दाचं भिकेशी मुळात नातंच नाही. ‘सीक’ म्हणजे शोधणं. त्याच्या आधी ‘बि’ लागला. कसून शोधणं, पाठ धरणं, आणि मग गळ घालणं. मध्ययुगीन इंग्रजीत दक्षिणेकडे ‘सीच’ म्हणत, उत्तरेकडे ‘सीक’. ‘चर्च’ आणि स्कॉटलंडमधलं ‘कर्क’, यांत आहे तोच फरक. सुटं क्रियापद उत्तरेचं टिकलं, ‘बि’ लागलेलं दक्षिणेचं. म्हणून ‘सीक’चं ‘सॉट’ आणि ‘बिसीच’चं ‘बिसॉट’. फळ्यावर हे एकदा लिहून दाखवलं की मुलांना घोकावं लागत नाही.

आणि हा शब्द वापरायचं कोण? पंधराव्या शतकातल्या पास्टन घराण्याची पत्रं आजही उपलब्ध आहेत. खातीपिती, जमीनजुमला असलेली माणसं. त्यांची मुलं आईवडिलांना पत्र लिहिताना आशीर्वाद ‘बिसीच’ करतात. आपल्याकडे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहायचे, तसंच. ‘विनंती उपरी येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जावे’ असं लिहिणारे पेशवाईतले सरदार काय भीक मागत होते?

कोपरखळी :
ताई, तुमच्या ३१ वर्षांबद्दल आदर आहे. पण शब्द कुठून आला यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही. मी नोकरीसाठी इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे येणारी मुलं बीड, परभणीची आहेत, घरात पहिल्यांदाच कोणीतरी इंग्रजीत तोंड उघडतंय. त्यांनी मुलाखतीत ‘आय बिसीच यू’ म्हटलं तर समोरचा हसणार. तो अपमान त्यांच्या वाट्याला येतो, तुमच्या नाही. शिवाय तुम्हीच म्हणता आशीर्वाद मागायचा शब्द, मग देवळात, चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणायचा शब्द. गुडघे टेकणं म्हणजे आणखी काय असतं?

शरणपूरकर :
चर्चचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचतो. आम्ही नाशिकचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. आजोबांकडे इंग्रजी प्रार्थनापुस्तक होतं. त्यातल्या लिटनीच्या पानांचा खालचा कोपरा अंगठ्याने काळा पडला होता, तेवढीच पानं बंद पुस्तकातही ओळखू यायची. पाळक एकेक मागणं म्हणणार आणि सगळी मंडळी एका सुरात ‘वी बिसीच दी टु हिअर अस, गुड लॉर्ड’. आजारी माणसांसाठी, कैद्यांसाठी, विधवा-अनाथांसाठी. १५४४ साली इंग्लंडचे आर्चबिशप क्रॅनमर यांनी ही लिटनी इंग्रजीत आणली, तेव्हापासूनचं हे वाक्य. आणि त्याच लिटनीत राजाचं नाव ‘तुझा सेवक’ म्हणून घेतात. तिथे राजाही मागणाराच. सगळेच गुडघ्यावर असतील तर गुलाम कोण आणि मालक कोण, हे कोपरखळींनी सांगावं.

सांख्यिकी_सर :
या क्रियापदाचं सर्वांत गाजलेलं वाक्य कोणी आणलंच नाही. ३ ऑगस्ट १६५०. इंग्लंडचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल सैन्य घेऊन स्कॉटलंडमध्ये मसलबरोला तळ ठोकून आहे. तिथून तो स्कॉटिश चर्चच्या महासभेला लिहितो : ख्रिस्ताच्या आतड्यांची शपथ घालून तुम्हाला ‘बिसीच’ करतो, आपण चुकत असू हे शक्य आहे एवढं तरी मनात आणा. आमच्या विषयात, संख्याशास्त्रात, डेनिस लिंडली यांनी यावरून ‘क्रॉमवेलचा नियम’ असं नावच दिलं : कुठल्याही विधानाची संभाव्यता पक्की शून्य किंवा पक्की एक धरू नका, नाहीतर पुढे कितीही पुरावा आला तरी तुमचं मत हलणार नाही. मी दरवर्षी वर्गात हे वाक्य सांगतो. गुलाम असं बोलत नाही. ज्याच्या हातात तलवार आहे तो बोलतोय.

कोपरखळी :
पुढचा महिना सांगायचा राहिला, सर. ३ सप्टेंबर १६५०, डनबार. त्याच क्रॉमवेलने त्याच स्कॉट लोकांचं सैन्य मोडून काढलं, हजारो कैदी केले. म्हणजे दुबळ्याने म्हटलं तर लाचारी आणि बलवानाने म्हटलं तर धमकी. असा शब्द मी मुलांना कशासाठी देऊ?

मुळाक्षर :
डनबारमुळे शब्द कसा बाटतो? स्कॉट लोकांनी ऐकलं नाही, लढाई झाली. क्रॉमवेलवर राग असेल तर क्रॉमवेलवर काढा.

पण ती आतडी सोडू नका. इंग्रज पोरं आज ‘बाउल्स’ वाचून हसतात, कारण त्यांच्या भाषेत आता ती फक्त पोटाच्या विकाराशी उरली. १६११च्या बायबलात ती मायेची जागा होती. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘आतड्याची माया’, ‘आतडं तुटतं’ हे आपण रोज बोलतो. माझ्या वर्गात बाउल्सला कोणी हसलं नाही. एका मुलीने विचारलं, ‘बाई, म्हणजे आतडं पिळवटून सांगतोय का तो?’ इतका नेमका अर्थ मला कुठल्याही कोशात मिळाला नव्हता.

स्टुटगार्टची सून :
जर्मनमध्ये हाच शब्द ‘बेझूखन’, पण अर्थ नुसता ‘भेटायला जाणं’! इकडे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, रविवारी मावशीला बेझूखन करू, आणि मी मनात म्हटलं, यांचं काय अडलंय मावशीकडे. एवढंच. चालू द्या.

अर्जदार :
तुमचं इंग्लंड चालू द्या, मला माझं बोलायचंय. वडील एका सरकारी खात्यात शिपाई. निवृत्तीनंतर १४ महिने पेन्शन अडकलं. त्यांनी अर्ज लिहिला, चार ओळी, स्वच्छ. खिडकीवरच्या साहेबाने तो परत सरकवला. म्हणाला, ‘नम्र विनंती’ कुठे आहे? ‘आय बेग टु स्टेट’ कुठे आहे? वडिलांनी तिथेच भिंतीला कागद टेकवून पुन्हा लिहिला. पेन चालेना, भिंतीवर उभा धरलेला बॉलपेन चालत नाही, ते झटकत होते आणि मागची रांग ओरडत होती. मी तेव्हा आठवीत, त्यांच्या हातातली पिशवी धरून उभा. तेव्हा मुळाक्षर ताई, मागण्याच्या सुंदर शब्दांबद्दल मला सांगू नका. ते पेन्शन त्यांच्या हक्काचं होतं.

तळकोकण_वकील :
अर्जदार, तुमचं दुःख समजतं, आणि तुमच्या बाजूने एक मुद्दा देतो. आम्ही कोर्टात दावा लिहितो तेव्हा शेवटी ‘प्रेयर क्लॉज’, म्हणजे मागणीचा परिच्छेद, असतो. मराठीत लिहिलं तर ‘सबब मे. कोर्टास नम्र विनंती की’. पण १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ७ रूल १ मध्ये, वादीला कोणती दाद हवी ते लिहा एवढंच म्हटलंय. ‘प्रे’ करा असं त्यात नाही. ती सवय आली इंग्लंडच्या जुन्या चॅन्सरी कोर्टातून. तिथल्या पंधराव्या शतकातल्या अर्जांत ‘बिसीच’च असतो, तोही ‘नम्रपणे’ जोडून, आणि अर्जदार स्वतःला ‘आपला गरीब प्रार्थी’ म्हणवतो, मग घरी कितीही जमीन असो.

कोपरखळी :
बघा! वकीलसाहेबांनीच सांगितलं. अर्जातली लाचारी तिथूनच आली.

तळकोकण_वकील :
माझं अर्धंच घेऊ नका. चॅन्सरीत लोक जायचे कारण साध्या कायद्यात त्यांना दाद नव्हती. विश्वासाने दुसऱ्याच्या नावावर ठेवलेली जमीन त्याने गिळली, तर तिथे जायचं. ‘बिसीच’ हे त्यांच्यासाठी शेवटचं दार होतं.

अर्जदार :
दार कसलं! २००६ साली बार कौन्सिलने ‘माय लॉर्ड’ नको म्हणून ठराव केला ना? आजही तुम्ही लोक म्हणताच. तुम्हाला वाकायची सवय लागलीय आणि तुम्ही तिला परंपरा म्हणताय.

तळकोकण_वकील :
‘तुम्ही लोक’ म्हणू नका. मी गेली ९ वर्षं अशा पेन्शनच्या केसेस फी न घेता लढतोय. वाकतो तो अशिलाचं काम व्हावं म्हणून.

अर्जदार :
मग अशिलाला वाकवू नका एवढंच म्हणतोय. आवाज चढला, त्याबद्दल माफ करा. मुद्दा सोडत नाही.

मुळाक्षर :
अर्जदार, तुमच्या वडिलांना परत लिहायला लावणारा माणूस दोषी आहे. पण त्याने मागितलं ते ‘बेग’, ‘बिसीच’ नव्हे. कोकणात गाऱ्हाणं घालतात ते ऐकलंय? वकीलसाहेब सांगतील.

तळकोकण_वकील :
गाऱ्हाणं म्हणजे तक्रारही आणि मागणंही. घालणारा देवासमोर ताठ उभा राहतो, ‘बा देवा महाराजा’ म्हणून हाक मारतो, गेल्या वर्षी काय बोललो होतो त्याची आठवण करून देतो, आणि बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. शरणपूरकरांची लिटनी वाचताना मला तेच ऐकू आलं. एक मागतो, सगळे त्याच्यामागे उभे.

सांख्यिकी_सर :
अमेरिकनांनी १७७५च्या जुलैत ब्रिटनच्या राजाला, तिसऱ्या जॉर्जला, शेवटचा अर्ज पाठवला, त्यातही ‘बिसीच’ आहे. राजाने तो स्वीकारलाच नाही. वर्षभराने स्वातंत्र्याचा जाहीरनामा, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की आम्ही प्रत्येक टप्प्यावर अत्यंत नम्र शब्दांत दाद मागितली होती.

कोपरखळी :
ठीक आहे. ‘फक्त गुलामांची भाषा’ हे माझं वाक्य मागे घेतो. पण ताई, आता तुमची पाळी. तुम्ही ‘बिसीच्ड’ लिहिणाऱ्या मुलांचे मार्क कापलेत ना? ‘हॅम्लेट’चा तिसरा अंक, पहिला प्रवेश काढा. पोलोनियस राजाराणीला सांगतो : युवराजांनी मला ‘बिसीच्ड’ केलं की मी आपल्याला ‘एंट्रीट’ करावं, म्हणजे विनवावं, नाटकाला या. शेक्सपिअरने ‘बिसीच्ड’ लिहिलंय, ताई. मार्क कापा त्याचे.

मुळाक्षर :
काढून पाहिलं. आहे. त्या ओळीत युवराज आपल्या दरबाऱ्याला ‘बिसीच’ करतोय, तेव्हा माझा मूळ मुद्दा तिथेच सिद्ध होतो. पण रूपाबद्दल तुमचं बरोबर आहे. १६११च्या बायबलात ‘बिसॉट’, त्याच काळात रंगभूमीवर ‘बिसीच्ड’. दोन्ही चालत होती आणि मी एकच शिकवलं. १९९८च्या दहावीच्या तुकडीत एका मुलाचा अर्धा मार्क मी यावरूनच कापला होता. तो हुज्जत घालायला स्टाफरूमपर्यंत आला होता, मी ऐकून घेतलं नाही.

अर्जदार :
त्याला कळवा.

मुळाक्षर :
तो आता गावातच दुकान चालवतो. उद्या जाते.