अठरावा वाढदिवस आणि आईवडिलांचा हक्क

एकट्याने आलेल्या निर्वासित मुलाला आश्रय मिळाला, की त्याचे आईवडील आपोआप येऊ शकतात, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-पुनर्मीलन निर्देशानुसार अशा अल्पवयीन निर्वासिताच्या आईवडिलांना प्रवेश देणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक आहे, मात्र डेन्मार्क आणि आयर्लंड त्यातून वगळलेले आहेत. खरा घोळ वयाचा होता. एरिट्रियाच्या एका मुलीने फेब्रुवारी २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये आश्रय मागितला, जूनमध्ये ती अठरा वर्षांची झाली आणि ऑक्टोबरमध्ये तिला आश्रय मिळाला. मग आता ती सज्ञान आहे, असे सांगून तिच्या आईवडिलांचा अर्ज फेटाळण्यात आला. म्हणजे विलंब करायचा कार्यालयाने आणि हक्क गमवायचा मुलीने! एप्रिल २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की आश्रयाचा अर्ज केला त्या दिवशीचे वयच धरावे; मात्र निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्यापासून साधारणपणे तीन महिन्यांच्या आत पुनर्मीलनाचा अर्ज करायला हवा.

तरीही या तरतुदीत भावंडांचा उल्लेख नाही, त्यामुळे धाकटी मुले मागे ठेवून थोरल्याकडे जायचे का, हा प्रश्न आईसमोर उभा राहू शकतो. ब्रिटनच्या नियमांत तर निर्वासित मुलाला आईवडिलांना बोलावण्याचा हक्कच नाही. असा हक्क दिल्यास मुलांना धोकादायक प्रवासावर पुढे धाडले जाईल, हा तिथल्या सरकारचा युक्तिवाद मला पटत नाही, कारण त्याची शिक्षा आधीच पोहोचलेल्या मुलाला भोगावी लागते.