पेट स्कॅनमध्ये एसयूव्ही (गाठ इंजेक्शनमधली साखर किती ओढते त्याचा आकडा) वाढली म्हणजे केमो लागू पडत नाहीये का?

घाबरलेला_लेक: आईचे केमोचे तीन सायकल झाले. आधीच्या पेटमध्ये फुफ्फुसातल्या गाठीची एसयूव्हीमॅक्स 7.8 होती, आता 9.1 आलीये, आकार मात्र तेवढाच लिहिलाय. डॉक्टर शुक्रवारी भेटणार, तोवर माझ्या डोक्याचा भुगा झालाय. यावेळी सेंटर दुसरं होतं. कुणाला कळतं का यातलं?

शिसाची_भिंत: मी पेटवर टेक्निशियन आहे. ही वाढ साधारण 17 टक्के आहे, एवढा फरक मशीन बदललं की नुसत्या इमेज बनवायच्या सॉफ्टवेअरनेही पडतो, त्यात एसयूव्हीमॅक्स म्हणजे गाठीतल्या एकाच सगळ्यात तेजस्वी ठिपक्याचा आकडा, तो डळमळतोच. उपचार लागू पडतायत का ते पेटवरून ठरवायचे पर्सिस्ट नावाचे 2009 चे निकष आहेत त्यातही 30 टक्क्यांच्या आतला फरक वाढ म्हणून धरत नाहीत, आणि ते मॅक्स नाही तर पीक, म्हणजे सगळ्यात तेजस्वी छोट्या भागाची सरासरी, बघतात. इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन घेतला? तुलनेसाठी घेतात तो लिव्हरचा आकडा किती? आणि वजन काय टाकलंय तेही बघा.

घाबरलेला_लेक: आधी 60 मिनिटं, आता 95, मशीन रिकामं नव्हतं म्हणून बसवून ठेवलं होतं. लिव्हर आधी 2.4, आता 2.9. वजन 62 लिहिलंय. पण आई आता 54 किलोची आहे!!

शिसाची_भिंत: मग घोळ तिथेच आहे बघा. एसयूव्ही काढताना वजनाने गुणतात, त्यामुळे वजन जास्त पडलं की सगळेच आकडे फुगतात, गाठीचेही नि लिव्हरचेही. 9.1 ला 54 ने गुणून 62 ने भागलं की 7.9 येतं, आणि लिव्हर 2.5. वर ते 95 मिनिटांचं प्रकरण आहेच, कॅन्सरची गाठ तासाभरानंतरही एफडीजी (इंजेक्शनमधली किरणोत्सारी साखर) ओढत राहते, म्हणजे 60 ला घेतला असता तर आकडा बहुतेक अजून खाली दिसला असता.

चहाटळ: म्हणजे केमो लागू पडतेय असं म्हणायचं का?

शिसाची_भिंत: नाही हो, तसंही नाही. वाढलीये असं या आकड्यावरून म्हणता येत नाही, एवढंच. लेकबुवा, सेंटरला फोन करून वजन दुरुस्त केलेला रिपोर्ट मागा, आणि पुढचा स्कॅन जमलं तर एकाच मशीनवर, तेवढ्याच मिनिटांनी.

घाबरलेला_लेक: केला फोन. वजन जुन्या चिठ्ठीवरून उतरवलं होतं म्हणे, काट्यावर उभंच केलं नव्हतं तिला. नवा रिपोर्ट उद्या देतायत.